नाडीच्या नावाखाली

"सिस्टर, माणूस मरतो तेव्हा शेवटचा श्वास आत घेतो की बाहेर सोडतो?"

प्रश्न विचारून झाला आणि पाण्याचं भांडं लवंडावं तसा अख्ख्या वॉर्डभर पसरला. दोष प्रश्नाचा नव्हता, आवाजाचा होता. या सहामाहीपासून शाळेत सकाळच्या सूचना वाचायचं काम तिच्याकडे आलं होतं आणि तेव्हापासून मैत्रिणी तिला भोंगा म्हणत होत्या. गंमत म्हणजे गेल्या वर्षापर्यंत हीच मुलगी हजेरीला 'हजर' म्हणायच्या ऐवजी नुसता हात वर करायची. कंठ फुटला तो असा फुटला, की नऊ वर्षांचं न बोललेलं सगळं तिने एका सहामाहीत भरून काढायला घेतलं.

खरं तर प्रश्न तिचा नव्हताच. तिच्या आजोबांना बघायला आलेल्या दोघी मैत्रिणींनी जिना चढता चढता पैज लावली होती, की श्वासाच्या वॉर्डात जी सिस्टर भेटेल तिला हे विचारून दाखव, तर तू खरी भोंगा. हरभऱ्याच्या झाडावर कुणी चढवलं की ही चढणारच. आता दोघी पलंगाच्या पायथ्याशी तोंडात रुमाल कोंबून हसत होत्या आणि शेजारच्या पलंगावरचे काका उशीवरून मान उचलून उत्तराची वाट बघत होते. त्यांना तर ते माहीत करून घेण्याचा खराखुरा हक्क होता.

सिस्टर आजोबांचं मनगट धरून, छातीवर उलट्या टाचलेल्या घड्याळाकडे बघत उभ्या होत्या. रागावल्या असाव्यात असं भोंग्याला वाटलं. मग त्यांनी मनगट हलकेच चादरीवर ठेवलं, तक्त्यावर दोन आकडे लिहिले, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाल्या, "बाहेर."

मैत्रिणींचं हसू थांबलं.

"मी पाहिले तेवढे सगळे सोडूनच गेले. आत घ्यायला जोर लागतो गं. सोडायला नाही लागत, नुसतं सैल व्हायचं असतं." त्यांनी मानेनंच तिघींना खिडकीपाशी बोलावून घेतलं आणि आवाज उतरवला. "आता माझा प्रश्न. मी तिथं काय मोजत होते?"

"नाडी," तिघी एकदम म्हणाल्या.

"नाडी अर्ध्या मिनिटात झाली होती. नंतर मिनिटभर श्वास मोजत होते. बोटं मनगटावर, डोळे छातीवर."

मग त्यांनी सांगितलं ते असं. श्वास मोजतेय हे कळलं, की माणूस श्वास 'घ्यायला' लागतो. एरवी आपसूक चाललेलं असतं ते थांबतं आणि फोटो काढताना तोंड करतात तसा श्वास सुरू होतो. तो मोजून काय उपयोग? म्हणून पेशंटला सांगायचं नाही, नाडीच्या नावाखाली मोजून घ्यायचं. त्यांची म्हणे ही इतकी खोड झाली होती, की घरी पाहुणे आले तरी त्या बोलता बोलता त्यांचे श्वास मोजायच्या आणि मुलगा वैतागायचा.

"म्हणजे आजोबांना माहीतच नाही?" चष्मेवाल्या मैत्रिणीने विचारलं.

"पहिल्याच दिवशी कळलं त्यांना. पण कळलं नाही असं दाखवतात. गिरणीवाले आहेत. दुसऱ्याच्या मापाला हात लावत नाहीत."

आजोबांनी बेचाळीस वर्षं पिठाची गिरणी चालवली होती. केस पिकायच्या आधीच त्यांचं डोकं पांढरं दिसायचं, भुवया पांढऱ्या, कानाच्या पाळ्या पांढऱ्या. रोज आंघोळ करून माणूस बाहेर यायचा तेव्हा कुठे घरच्यांना कळायचं की हे अजून म्हातारे झालेले नाहीत. त्या पिठाला सिगारेटची जोड होती. दोघांनी मिळून फुप्फुसांचं जे करायचं ते केलं. आता ते पलंगावर पुढे वाकून, चाकांच्या टेबलावर उशी, उशीवर कोपर, असे बसून असायचे. आडवं झालं की दम लागायचा, बसून झोप यायची नाही. एक वाक्य बोलायला तीन श्वास लागायचे. ज्या माणसाने बेचाळीस वर्षं पट्ट्याच्या धडधडाटावर आवाज चढवून गिऱ्हाइकांशी गप्पा हाणल्या, तो आता 'पाणी' म्हणून थांबायचा आणि 'दे' नंतर म्हणायचा.

सिस्टरना अख्खा वॉर्ड 'फुंकर सिस्टर' म्हणायचा. सव्वीस वर्षं त्या याच वॉर्डात होत्या आणि सव्वीस वर्षं एकच गोष्ट शिकवत होत्या. नाकाने श्वास घ्या, आणि सोडताना ओठांचा चंबू करून, गरम दुधावर घालतात तशी फुंकर घाला. घ्यायला दोन अंक, सोडायला चार. नव्या पेशंटला हे पोरखेळ वाटायचं. हवा मिळत नाही म्हणून तडफडणाऱ्याला हवा सोडायला सांगणं म्हणजे भुकेल्याला उपास सांगण्यासारखंच. पण आजोबांना त्यांनी त्यांच्याच भाषेत सांगितलं होतं. "गिरणीवाले, पीठ खाली पडायची वाट न बघता वरून धान्य ओतत राहिलं तर काय होतं?"

आजोबांनी दोन श्वास घेतले. "तुंबतं."

"तुमचं तेच झालंय. हवा आत जाते, बाहेर यायला वाट सापडत नाही. आधी जुनी काढा, मग नवी मागा."

त्या दिवसापासून आजोबा शहाण्या मुलासारखी फुंकर घालायचे. आणि सिस्टरांचं आणखी एक होतं. दम लागलेल्या माणसाला त्या असाच प्रश्न विचारायच्या ज्याचं उत्तर नुसत्या मानेनं देता येईल. 'काय होतंय' कधीच नाही. 'छातीत दुखतंय?' 'उशी वर घेऊ?' आई रोज आल्या आल्या "काय म्हणताय, कसं वाटतंय आज, जेवण गेलं का, झोप लागली का" असं एका दमात विचारायची आणि आजोबा उत्तर जुळवेपर्यंत डबा उघडून झालेला असायचा. सिस्टरांपुढे मात्र ते एका मानेवर सगळा कारभार चालवायचे.

खिडकीपासून परत येताना सिस्टर पलंगाशी थांबल्या. भिंतीवर ऑक्सिजनची काचेची उभी नळी होती, तिच्यात एक छोटी गोळी तरंगत होती. दोनच्या आकड्यापाशी पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावलेला होता. "तू दुपारी बसतेस ना ह्यांच्याजवळ? ही गोळी पट्टीवर राहिली पाहिजे. खाली-वर झाली तर मला हाक मार," त्या म्हणाल्या. त्या पुढेही काही सांगणार होत्या, पण तिकडून कुणीतरी हाक मारली आणि इकडे उंच मैत्रिणीने दंडाला चिमटा काढला, कारण भेटीची वेळ संपत होती आणि पैज जिंकल्याचं सेलिब्रेशन बाकी होतं. भोंगा "हो हो" म्हणाली. तिचं 'हो हो' असं दोनदा असलं, की अर्धंच ऐकलेलं असायचं. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. सिस्टर घरच्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती तीन वाजता आली. बाबा छापखान्यात मुद्रितं तपासायचे, ते सहाला पोचायचे. आईही कामावरून त्याच सुमाराला यायची. तोवर आजोबा तिचे. ती दप्तर पायाशी टाकून शाळेतल्या गोष्टी सांगत बसली. आजोबा डोळ्यांनी हसत होते, पण आज श्वास जास्तच ओढत होते. मानेच्या शिरा वर येत होत्या, खांदे वर-खाली होत होते. तिने न सांगता, सिस्टरांसारखं, त्यांचं मनगट धरून श्वास मोजले. सव्वीस.

ऑक्सिजन मोजायला बोटाला लावलेल्या चिमट्याच्या यंत्रावर आकडा होता एकोणनव्वद.

आता एकोणनव्वद हा काही वाईट आकडा नाही, पण तिच्या घरात एकोणनव्वदला मान नव्हता. एकोणनव्वद मार्क आणले की आई पेपर उलटसुलट करून विचारायची, "अकरा कुठे सांडले?" शिवाय विज्ञानाच्या बाईंनी वर्गात तसाच चिमटा फिरवला होता, तेव्हा साऱ्या वर्गाचे अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव आले होते. एकोणनव्वद हे आजोबांच्या वाट्याला का? तिने भिंतीकडे पाहिलं. गोळी दोनवर. नळीवर तर पंधरापर्यंत आकडे होते. म्हणजे इथं हवा भरपूर आहे आणि माझ्या आजोबांना चमच्याने वाढतायत.

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं आणि मान हलवली. हो म्हणून की नको म्हणून, ते तिला कळलं नाही. कळून घेतलं नाही असंही म्हणता येईल.

तिने नॉब फिरवला. गोळी उचलली गेली, तीन, चार, सहा. आणि काय सांगावं, चिमट्यावरचा आकडा खरंच चढायला लागला. एक्याण्णव. चौऱ्याण्णव. शहाण्णव. अठ्ठ्याण्णव आला तेव्हा तिला टाळी वाजवावीशी वाटली. आजोबांच्या गालांवर लाली आली. खांदे खाली आले. थोड्या वेळाने त्यांची मान उशीवर कलली आणि ते झोपले. नऊ दिवसांत जो माणूस सलग अर्धा तास झोपला नव्हता, तो झोपला. तिने चादर सारखी केली आणि इतिहासाचं पुस्तक काढलं. अख्ख्या हॉस्पिटलला नऊ दिवसांत जमलं नाही ते आपण एका नॉबने केलं, असं तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

साडेचारला सिस्टर आल्या. त्यांनी आधी आकडा पाहिला. भोंगा शाबासकीसाठी तयार होऊन बसली होती.

"अठ्ठ्याण्णव?" सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा झाला की शाबासकी राहिली बाजूला. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. मग मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं, छातीकडे पाहिलं. या वेळी मिनिटभर मोजायलाही त्या थांबल्या नाहीत. "गिरणीवाले. आजोबा. डोळे उघडा." आजोबांनी डोळे उघडले आणि मिटले. सिस्टरांनी त्यांचे हात पुढे धरले, तर ते मनगटातून पाखराच्या पंखांसारखे फडफडले. मग सगळं भराभर झालं. गोळी पट्टीवर आली, डॉक्टरांना हाक गेली, पलंग आणखी उभा झाला. सिस्टर आजोबांच्या कानाशी वाकून सतत बोलत राहिल्या, जागं राहा, फुंकर घाला, माझ्याकडे बघा. एकदाच त्यांनी मान वळवून भोंग्याकडे पाहिलं. रागाने नाही. मानेनं उत्तर देता येईल असा प्रश्न विचारला.

"तू फिरवलास?"

तिने मान हलवली. आडवी.

सिस्टरांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

डॉक्टर आले, रक्त तपासायला गेलं, आजोबांच्या तोंडावर पट्ट्यांनी घट्ट बांधलेला मास्क आला आणि शेजारी एक यंत्र त्यांच्यासाठी फूस-फूस श्वास ढकलायला लागलं. डॉक्टरांनी सहाला आलेल्या बाबांना समजावून सांगितलं. तुमच्या वडिलांसारख्या पेशंटच्या शरीराला कमी ऑक्सिजनची सवय झालेली असते. त्यांचं अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव हेच बरोबर. एकदम जास्त दिला की आतला खराब वायू रक्तात साठत जातो, माणसाला गुंगी येते. झोप वाटते, पण ती झोप नसते. वेळेवर लक्षात आलं म्हणून बरं.

बाबांनी एवढंच ऐकलं की ऑक्सिजन जास्त गेला.

बाबांना राग आला की ते ओरडत नसत, अर्ज करत. सोसायटीचे, शाळेचे, पाण्याचे, दिव्यांचे, सगळ्या गल्लीचे अर्ज त्यांच्याच हातचे. एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला नसायचा. पण त्या संध्याकाळी ते ओरडले. वॉर्ड कुणाच्या ताब्यात असतो? लक्ष कुणी ठेवायचं? सिस्टर पुढ्यात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी तक्त्यावर लिहिलं होतं, 'ऑक्सिजन सहावर आढळला, दोनवर आणला', आणि खाली वेळ. कुणी फिरवला ते लिहिलं नव्हतं. बाबांचं म्हणणं, हीच तर लपवाछपवी. मेट्रन आल्या, त्यांनी तोंडी तक्रार वहीत उतरवून घेतली आणि सांगितलं की लेखी द्या, चौकशी होईल, तोवर यांना वॉर्डात ठेवणार नाही.

भोंगा स्टुलावर मूग गिळून बसली होती. आईने तिला जवळ घेतलं. पोरगी घाबरली, असं सगळ्यांना म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने शाळेत सूचना वाचल्या त्या शेवटच्या रांगेला ऐकूच गेल्या नाहीत. मैत्रिणींनी विचारलं, आज भोंग्यात पाणी गेलं का. ती सूचनांचा कागद दुमडत वर्गात निघून गेली.

चारला ती वॉर्डात आली तेव्हा आजोबांचा मास्क निघालेला होता. नाकाच्या दांडीवर त्याचा लाल वळ उमटला होता. गोळी पट्टीवर होती, आकडा नव्वद, आणि आजोबा उशीवर कोपर टेकून आपली फुंकर घालत होते. वॉर्डात नवीन सिस्टर होत्या. कामाला चोख, पण त्या पलंगापलंगाशी जाऊन "काय होतंय आजोबा?" असं विचारत होत्या. शेजारचे काका उत्तर द्यायला गेले आणि खोकत खोकत अर्ध्यावर थांबले.

"फुंकरबाई... नाहीत," आजोबा म्हणाले.

"हो."

त्यांनी दोन श्वास सोडले. ते तिच्याकडे बघत नव्हते, भिंतीवरच्या नळीकडे बघत होते. "वरून... जास्त ओतलं," ते म्हणाले. मग थांबले. मग आणखी थांबले. "तुंबलं."

म्हणजे त्यांना माहीत होतं. त्या वेळी मान हलवली होती ती 'नको' म्हणून. तिने खाली पाहिलं. त्यांनी हात लांब करून तिचं दप्तर तिच्याकडे सरकवलं, जा म्हणाल्यासारखं. गिरणीत कुणी पोर धान्य सांडायचं तेव्हा ते असंच करायचे. रागवायचे नाहीत, केरसुणी पुढे सरकवायचे.

शोधायला फार वेळ लागला नाही. सिस्टर तळमजल्यावर चादरींच्या खोलीत बसल्या होत्या. एका बाजूला धुऊन आलेल्या उशांच्या अभ्र्यांचा ढीग, दुसऱ्या बाजूला घड्या घातलेले. छातीवरचं घड्याळ होतंच, फक्त त्यात बघायचं काही कारण नव्हतं. भोंगा तीन जिने धावत उतरली होती. दारात उभी राहून ती बोलायला गेली, तर शब्दांऐवजी धापच निघाली.

"ये. बस," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी आजोबांचं विचारलं, आकडा नव्वदच्या आसपास आहे का, खाल्लं का, गुंगी आहे का. तिने मानेनंच सांगितलं. मग त्यांनी अभ्रा बाजूला ठेवला, तिचं मनगट हातात घेतलं आणि घड्याळाकडे पाहिलं.

नाडीच्या नावाखाली. भोंग्याला कळलं. आपली छाती धाडधाड वर-खाली होतेय हे तिला दिसत होतं, आणि तिने ठरवून श्वास सरळ घ्यायचा प्रयत्न केला. एक घेतला, शहाण्यासारखा. दुसरा घेतला, तोही. तिसऱ्याला तो हुंदक्यासारखा तुटला. सगळ्या जगात ही एक बाई होती जिच्यापुढे खोटा श्वास घेऊन काही फायदा नव्हता.

"तू फिरवलास?" सिस्टरांनी विचारलं. तोच प्रश्न, तेवढ्याच आवाजात.

तिने मान हलवली. उभी.

"हं," म्हणून सिस्टरांनी मनगट सोडलं.

"किती होते?" तिने डोळे पुसत विचारलं.

"ते पेशंटला सांगत नसतात."

मग त्या अभ्र्यांच्या घड्या घालत बोलत राहिल्या आणि ती पलीकडची टोकं धरत गेली. तिने विचारलं की त्यांनी बाबांना का सांगितलं नाही, संशय तर आला असणार. सिस्टर म्हणाल्या, संशय कशाला, खात्रीच होती. पण तक्त्यावर दिसलं ते लिहायचं, वाटलं ते लिहायचं नाही. सव्वीस वर्षं हेच केलं. "गोळी सहावर मी पाहिली. तुझा हात पाहिला नाही. तुला विचारलं, तू नाही म्हणालीस. बारा-चौदा वर्षांच्या पोरीला घाबरवून हो म्हणवून घ्यायला मला जमलं असतं. पण मग तो श्वास तिचा नसता."

"पंधरा," ती म्हणाली.

"बरं. पंधरा." सिस्टर थोडं हसल्या आणि लगेच गंभीर झाल्या. "आणि माझंही चुकलंच. पट्टी लावली, कारण सांगायचं राहिलं. नुसती पट्टी बघून माणसाला वाटतं, कंजूषपणा करतायत. तुला तेच वाटलं ना?"

तिने मान हलवली. मग तिने विचारलं की आता तुमचं काय होणार. सिस्टर म्हणाल्या, चौकशी होईल, होईल ते होईल, बदलून इथे टाकतील फार तर. इथं काही वाईट नाही, अभ्रे खोकत नाहीत. असं म्हणून त्यांनी वरच्या मजल्याच्या दिशेने, उगाचच, छताकडे पाहिलं. शेजारच्या काकांना वाफ कोणी दिली असेल का, एवढंच त्या म्हणाल्या. सांग, असं त्या म्हणाल्या नाहीत. सांगू नकोस, असंही नाही.

ती जिना चढून वर आली तेव्हा सहाला दहा कमी होते. आज लवकर निघून आलेले आई-बाबा व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. आईच्या मांडीवर डबा होता आणि बाबांच्या हातात अर्ज. लाल पेनाने ते शेवटचा हात फिरवत होते. समोर मेट्रनच्या खोलीचं दार होतं, ते सहाला बंद व्हायचं.

"'अक्षम्य निष्काळजीपणा' पुरे, की 'अक्षम्य असा निष्काळजीपणा' म्हणू?" बाबा आईला विचारत होते.

"द्या ना ते एकदाचं," आई म्हणाली. "आजोबांचं जेवण थंड होतंय."

भोंगा त्यांच्यासमोर उभी राहिली. तिला वाटलं होतं, ती एकदम सगळं सांगून टाकेल, सूचना वाचतात तसं. पण छातीत सगळं भरलेलं होतं आणि बाहेर यायला वाट नव्हती. मग तिने ओठांचा चंबू केला आणि हळूच, चार अंक मोजत, फुंकर घातली. आईला वाटलं, हिला चटका-बिटका बसला की काय.

"बाबा, नॉब मी फिरवला होता. दोनवरून सहावर. सिस्टरांनी विचारलं तेव्हा नाही म्हणाले. खोटं बोलले."

व्हरांड्यातून एक ट्रॉली गेली. आईने डब्याच्या झाकणावर हात ठेवला आणि ते आधीच बंद असलेलं झाकण पुन्हा दाबलं.

बाबांचा चेहरा आधी लाल झाला आणि मग एकदम उतरला. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. मग आवाज खाली आणून ते भरभर म्हणाले, "ठीक आहे. तू लहान आहेस. प्रेमापोटी केलंस. कुणाला सांगायची गरज नाही. मी अर्जच देत नाही, म्हणजे प्रश्न मिटला." ते अर्जाची घडी घालायला लागले. एरवी कडेला कड लावणाऱ्या बाबांची घडी वाकडी पडत होती. त्या वाकड्या घडीत तिला एकदम दिसलं की बाबा कालपासून रागावलेले नव्हतेच, घाबरलेले होते.

"हो गं, मिटलं," आई म्हणाली. "चल, आजोबांना भरव."

मिटलं असतंही. कागद खिशात गेला असता, घरी जाऊन फाटला असता, आणि मेट्रनच्या वहीत ती तोंडी तक्रार तशीच राहिली असती. तळमजल्यावर अभ्र्यांचा ढीगही तसाच. तिने बाबांच्या हातावर हात ठेवला. घडी अर्धीच झाली होती. कागदाची मागची बाजू वर आली होती, स्वच्छ, कोरी.

"मी आत जाऊन लिहून देणार आहे," ती म्हणाली. हे ती इतक्या हळू म्हणाली, की बाकाच्या पलीकडच्या टोकाला बसलेल्या माणसालाही ऐकू गेलं नाही. "याच कागदावर, मागच्या बाजूला. नाव माझं, सही माझी. तुम्ही दोघं इथंच थांबा. लिहून झालं की बाबा, तुम्ही फक्त शुद्धलेखन तपासा."